मुद्राचित्र सपाट नसते

कागदावरच्या चित्राचे छायाचित्र घेणे हे चित्रकाराच्या सगळ्या कामांत सर्वांत सोपे काम आहे, हा समज कलाशाळांतून आणि तरुण चित्रकारांच्या वर्तुळांतून इतका रुजला आहे की त्याचे समर्थन करण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. त्यामागचा युक्तिवाद असा असतो: शिल्पाला खोली असते, त्यामुळे त्याच्यावर उजेड कुठून पडतो याला महत्त्व आहे, चित्राला, त्यातही कागदावर छापलेल्या चित्राला, खोलीच नसते, म्हणून सगळीकडे सारखा उजेड पाडावा, कॅमेरा समोर धरावा, कडा कापाव्यात आणि ती प्रतिमा पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामांच्या संग्रहात, लावून टाकावी. व्यावसायिक छायाचित्रकार हेच मत दोन दिवे आणि ४५ अंशांचा कोन अशा सूत्राच्या रूपात मांडतात, तर घाईत असलेला विद्यार्थी ते मोबाइलमधल्या कागदपत्रे टिपणाऱ्या ॲपवर सोपवतो. साधनांत कितीही अंतर असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे, आणि मुद्राचित्रणापुरते बोलायचे तर ते मुळातच चुकीचे आहे.

मुद्राचित्रण म्हणजे तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा, लाकडाचा ठोकळा, दगड किंवा ताणलेली जाळी यांवर प्रतिमा घडवून तिचा शाईने कागदावर ठसा घेण्याची कला. कलाशाळेत तिला सरसकट प्रिंटमेकिंग आणि तिच्यातून निघालेल्या कामाला प्रिंट म्हणतात. त्यातल्या एकट्या एचिंगची प्रक्रिया नीट पाहिली तरी ‘सपाट’ हा शब्द तिथे किती अपुरा पडतो ते कळते. पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या खाचांत शाई भरतात, वरची शाई विरळ विणीच्या कापडाने आणि शेवटी हाताच्या तळव्याने पुसतात, मग पत्र्यावर ओलसर कागद व त्यावर लोकरीचे जाड फेल्ट अंथरून सगळे प्रेसच्या रुळांखालून काढतात. त्या दाबाने कागद अक्षरशः खाचेत शिरतो आणि तिथली शाई उचलून बाहेर येतो. वाळल्यानंतर ती रेषा कागदावर उभी राहिलेली असते, बोट फिरवले तर जाणवते, आणि पत्र्याच्या कडांनी कागदात उमटवलेला चौकोनी दाब, ज्याला प्लेटमार्क म्हणतात, प्रतिमेभोवती पायरीसारखा दिसतो. काष्ठठशात याच्या उलट घडते: ठोकळ्याचा उंच राहिलेला भाग कागदाला आत दाबतो आणि मागच्या बाजूला त्याचा उठाव येतो. जाळीतून छापलेल्या चित्रात, म्हणजे सेरिग्राफमध्ये, शाईचा थर कागदावर बसलेला असतो आणि एकावर एक छापलेल्या रंगांच्या कडा उंचसखल होतात. लिथोग्राफ मात्र तेल आणि पाणी यांच्या विरोधावर, दगडाच्या सपाट पृष्ठावरून छापला जातो. त्यात उठाव जवळजवळ नसतो आणि त्याच्यापुरते प्रचलित सूत्र योग्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु एका प्रकाराला लागू पडणारा नियम सगळ्या कुळाला लावला गेला, इथेच चुकीला सुरुवात झाली.

ही चूक किती खोलवर जाऊ शकते हे सोमनाथ होर यांच्या ‘वूंड्स’ या मालिकेवरून कळते. १९२१ मध्ये जन्मलेल्या, १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि त्यानंतरचे बटाईदार शेतकऱ्यांचे तेभागा आंदोलन डोळ्यांनी पाहून रेखाटणाऱ्या या कलावंताने १९७० च्या दशकात शांतिनिकेतनात केलेल्या या कामांत शाई जवळजवळ वापरलीच नाही. माती किंवा मेणाच्या पाटीवर सुरी आणि तापलेल्या हत्यारांनी घाव घालायचे, त्या पाटीवरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबून वाळवायचा, अशी ती पद्धत होती. हाती येते ते पांढऱ्यावर पांढरे असे कागदाचे पान, ज्याच्यावर भेगा, फोड, ओरखडे आणि चिरलेल्या जागा केवळ उंची आणि खोली यांच्या फरकाने उमटलेल्या असतात. क्वचित कुठे लाल रंगाचा लहानसा स्पर्श. अशा कामावर दोन बाजूंनी सारख्या तीव्रतेचा, सगळ्या सावल्या पुसून टाकणारा उजेड पाडला तर छायाचित्रात कोरा कागद येतो. रंग अचूक, कडा सरळ, प्रतिमा स्पष्ट, आणि कलाकृती नाहीशी. जखम ही ज्या कामाची संपूर्ण आशयसामग्री आहे त्यातून जखमच गाळणारी पद्धत तांत्रिकदृष्ट्या निर्दोष ठरवायची असेल, तर ‘तांत्रिक’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

हे टोकाचे उदाहरण आहे, असा आक्षेप घेता येईल. मग मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी यांच्या कामाकडे पाहावे. पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत जे बहुरंगी मुद्रण विकसित झाले त्यात रेड्डी यांचा वाटा मोठा होता. एकाच पत्र्यावर वेगवेगळ्या खोलीचे स्तर कोरायचे, आणि कमीअधिक दाट केलेल्या शाया मऊ व कडक रुळांनी त्या स्तरांवर चढवायच्या, की एकाच दाबात सगळे रंग कागदावर उतरतात. शाईच्या दाटपणावर, म्हणजे व्हिस्कॉसिटीवर, ही पद्धत उभी असल्याने तिला तेच नाव पडले. रेड्डी शिल्पकारही होते आणि पत्रा ते शिल्पासारखाच घडवत. त्यांच्या प्रिंटमध्ये रंग कुठल्या उंचीवर बसला आहे हे रंगाइतकेच महत्त्वाचे असते, आणि समोरून पाडलेल्या सारख्या उजेडात ती उंची नेमकी हरवते. रंगीत, शाईने भरलेल्या आणि कोणालाही सहज ‘चित्र’ वाटणाऱ्या कामाचीही ही स्थिती असेल, तर होर यांचे उदाहरण अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही.

आता सूत्राला त्याचे श्रेय द्यायला हवे. चित्राच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या पृष्ठाशी ४५ अंशांचा कोन करून, समान अंतरावर दोन सारखे दिवे ठेवले की पृष्ठावरून परावर्तित होणारी चकाकी कॅमेऱ्याच्या भिंगात न शिरता बाजूला निघून जाते आणि एका दिव्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यापुढची पायरी म्हणजे ध्रुवीकरणाची: दिव्यांसमोर ध्रुवीकरण करणारी पारदर्शक फिल्म लावायची आणि भिंगावरचा ध्रुवक तिच्याशी काटकोनात फिरवायचा, म्हणजे उरलीसुरली चकाकीही अडवली जाते. वार्निश केलेल्या तैलचित्रासाठी ही रचना उत्तम आहे. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या रविवर्मा प्रेसमधल्या ओलिओग्राफसारख्या, म्हणजे तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वार्निश चढवलेल्या दगडी छापाच्या चित्रांसाठीही रंगाच्या नोंदीपुरती ती उपयोगी ठरते. परंतु ध्रुवीकरणाने केवळ नको असलेली चकाकी जात नाही. काळ्या शाईची स्वतःची झळाळी, सोनेरी वर्खाची चमक, कागदाच्या पोताचा सूक्ष्म प्रकाश हेही जाते, काळे रंग प्रत्यक्षाहून गडद आणि बाकीचे रंग प्रत्यक्षाहून अधिक संपृक्त दिसू लागतात. ओलिओग्राफच्या बाबतीतही, काही चित्रांवर कॅनव्हासच्या विणीचा दाब मुद्दाम उमटवला जात असे, तो या रचनेत पुसला जातो, आणि त्याचबरोबर ते चित्र तैलचित्र भासावे म्हणून छापखान्याने घेतलेल्या श्रमांचा पुरावाही.

याला उत्तर म्हणजे तिरपा प्रकाश. कागदाच्या पृष्ठाला जवळजवळ समांतर, फार तर १० ते २० अंशांच्या कोनातून, एकाच बाजूने येणारा उजेड कागदावरच्या प्रत्येक उंचवट्यामागे छोटी सावली टाकतो आणि प्लेटमार्क, रेषेची उभारी, लगद्याची भेग, कागदाची फाटकी नैसर्गिक कड हे सारे वाचता येऊ लागते. त्यावर घेतला जाणारा आक्षेप असा की अशा उजेडात चित्राची एक कड भडक आणि दुसरी काळवंडलेली येते. आक्षेप खरा आहे, पण तो पद्धतीवर नव्हे, दिवा जवळ ठेवण्याच्या सवयीवर आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते: दिवा जवळच्या कडेपासून १ मीटरवर आणि दूरची कड १.५ मीटरवर असेल तर दोन कडांच्या उजेडात २.२५ पटींचा फरक पडतो. तोच दिवा जवळच्या कडेपासून ३ मीटरवर नेला तर फरक सुमारे १.३६ पटींवर येतो, आणि समोरच्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा केला तर उरलेला फरकही बराचसा भरून निघतो. एक काळजी मात्र अटळ आहे. उजेड वरून येतो असे मानूनच मानवी दृष्टी उठाव ओळखते; म्हणून छायाचित्रात प्रकाश चित्राच्या वरच्या किंवा वरच्या डाव्या बाजूने आला पाहिजे, नाहीतर पाहणाऱ्याला खाच उंचवटा वाटते आणि उंचवटा खाच.

मोबाइलच्या ॲपचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथे माहिती नुसती हरवत नाही, बदलली जाते. कागदपत्रे टिपणारी ॲप मजकूर वाचता यावा यासाठी बनवलेली असतात. कागद शुभ्र आणि अक्षर काळे करणे हेच त्यांचे काम. एचिंगमध्ये पत्रा पुसताना कलावंत शाईचा एक विरळ पापुद्रा जाणीवपूर्वक मागे ठेवतो, ज्याला प्लेट टोन म्हणतात. त्याच्यामुळे आकाशाला ढग येतात, खोलीला संध्याकाळ येते, आणि एकाच पत्र्याच्या दोन प्रती एकमेकींहून वेगळ्या होतात. ॲप हा पापुद्रा डाग समजून पुसते. ॲक्वाटिंटमध्ये, म्हणजे राळेच्या भुकटीने पत्र्यावर दाणेदार छटा आणण्याच्या पद्धतीत, जो बारीक कण असतो तो फोनची स्वयंचलित प्रक्रिया कधी गोंगाट समजून सपाट करते, तर कधी रेषेच्या कडेला खोटी तीक्ष्णता देऊन तिच्याभोवती पांढरी किनार आणते. टेबलावरचा स्कॅनर हा पर्याय त्यापेक्षा प्रामाणिक असला तरी त्यालाही मर्यादा आहेत: काचेवर दाबल्याने हातकागदाचा उठाव चेपतो, आणि अनेक स्वस्त स्कॅनरांची खोलीतली स्पष्टता इतकी कमी असते की काचेपासून किंचित उचललेला भाग धूसर येतो.

कडा कापण्याची सवय ही याच गृहीतकाची दुसरी फांदी आहे. चित्र म्हणजे शाई लागलेला भाग आणि भोवतालचा कागद म्हणजे चौकट, असे मानले की समास कापून टाकणे स्वाभाविक वाटते. मुद्राचित्रात तो समास कलाकृतीचाच भाग असतो. प्रतिमेखाली पेन्सिलीने डावीकडे प्रतीचा क्रमांक आणि एकूण प्रतींची संख्या, उदाहरणार्थ ५/२०, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही लिहिण्याची जी रूढी आहे, ती त्या कामाची ओळख सांगते, ‘ए. पी.’ लिहिले असेल तर ती कलावंताने स्वतःसाठी राखलेली प्रत आहे हे कळते. हा समास गाळलेले छायाचित्र पाहणाऱ्या परीक्षकाला समोरची प्रतिमा एचिंग आहे, तिची छापील नक्कल आहे की संगणकावर काढलेले रेखाटन, हे ठरवण्याचे साधनच उरत नाही. कागदाची संपूर्ण शीट, चारही कडा आणि त्याभोवती बोटभर तटस्थ करडी पार्श्वभूमी दिसेल असे एक छायाचित्र प्रत्येक प्रिंटचे असायलाच हवे.

यानंतर येतो तो सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक युक्तिवाद: पोर्टफोलिओ हे आकर्षून घेण्याचे साधन आहे, म्हणून रंग थोडे उजळ केले, कागद थोडा पांढरा केला, काळे थोडे गडद केले तर बिघडले कुठे? बिघडते ते हे की छायाचित्र इथे साक्षीदाराच्या जागी उभे असते. पुष्कळ प्रदर्शनांच्या, शिष्यवृत्त्यांच्या आणि निवासी कार्यशाळांच्या निवडीची पहिली फेरी पडद्यावर होते आणि परीक्षकांसमोर मूळ काम नसते. त्या क्षणी छायाचित्र जे सांगते तेच काम. उजळवलेल्या प्रतिमेवर निवडले गेलेले प्रिंट पेटीतून बाहेर निघते तेव्हा ते फिके वाटते, आणि फिकेपणाचा तो ठपका छायाचित्रावर न येता कामावर येतो. शिवाय कागदाचा रंग हा कलावंताने केलेला निर्णय असतो. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला कागद उबदार, किंचित पिवळसर असतो; बाजारातल्या अनेक कागदांत शुभ्रतेसाठी घातलेली रसायने अतिनील किरणांत निळसर चमकतात. कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगसमतोल यंत्रणा ही उबदार छटा दोष समजून काढून टाकते, आणि त्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे असल्याचे गृहीत धरून चालत असल्याने पांढरा कागद मळकट येतो. यावरचा उपाय साधा आहे: कामाशेजारी करडे कार्ड आणि २४ रंगांच्या चौकोनांचा रंगतक्ता ठेवून एक छायाचित्र घ्यावे, उजेड १ ते २ स्टॉपने, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवावा, आणि ० ते २५५ च्या मोजपट्टीवर शुभ्र कागदाचे मूल्य २४० ते २४५ च्या आसपास राहील असे पाहावे, म्हणजे कागद कागद राहतो, पोकळी होत नाही.

छायाचित्र हे शेवटी केवळ सूचक असते, खरे काम मूळ प्रतीतच पाहायचे असते, असे म्हणून या साऱ्या काळजीला अतिरेक ठरवणारेही आहेत. त्यांनी अजिंठ्याचा इतिहास आठवावा. मद्रासच्या सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या प्रतिकृती केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात हे काम पुन्हा हाती घेतले; त्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातल्या आगीत नष्ट झाल्या. त्या श्रमांचा मोठा भाग आज अभ्यासकाला भेटतो तो ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या ग्रंथातल्या छापील प्रतिमांतून. नोंद मूळ वस्तूहून जास्त जगते, आणि कधी कधी नोंदच तेवढी उरते. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी धरणारा, वाळवीला प्रिय असणारा, विकला जाऊन कुठल्यातरी घराच्या भिंतीवर उन्हात फिका पडणारा कागद हेच ज्यांचे माध्यम आहे, त्यांच्या बाबतीत ‘केवळ सूचक’ हा शब्द वापरणे म्हणजे त्यांच्या कामाचे उद्याचे अस्तित्वच गौण ठरवणे होय.

एक आक्षेप मात्र आदराने ऐकला पाहिजे: हे सारे महाग आहे, आणि लहान गावातून शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याकडे मॅक्रो भिंग, दिव्यांची जोडी किंवा ध्रुवीकरणाची फिल्म घेण्याएवढे पैसे नसतात. हा आक्षेप गृहीत धरतो की अडचण कॅमेऱ्याची आहे. हिशेब केला तर तसे दिसत नाही. १५ × २२ इंचांची शीट १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे ४००० × ३००० बिंदूंच्या प्रतिमेत पूर्ण बसवली तरी इंचाला सुमारे १८० बिंदू मिळतात. पुस्तकात त्याच आकारात छापायला लागणाऱ्या ३०० बिंदूंच्या ते मागे असले तरी पडद्यावर पाहणाऱ्या परीक्षकासाठी पुरेसे आहेत. कमी पडतो तो विचारपूर्वक वापरलेला उजेड, आणि तो फुकट मिळतो. उन्हाची थेट तिरीप न येणाऱ्या उत्तरेच्या खिडकीशेजारी, खोलीतली ट्यूबलाइट बंद करून, शीटची वरची कड खिडकीकडे करून ती टेबलावर आडवी ठेवली की तिरपा प्रकाश तयार होतो. हीच शीट उघड्यावर, सावलीत ठेवली की समप्रकाश. फोन हातात न धरता स्टुलावर किंवा तिवईवर टेकवावा, शक्य तितका दूर ठेवावा, कारण फोनचे मुख्य भिंग रुंद कोनाचे असते आणि जवळून धरले की कडा फाकतात. ॲपऐवजी रॉ स्वरूपात, म्हणजे फोनने स्वतः काही दुरुस्ती न केलेल्या रूपात, प्रतिमा टिपावी. शीटच्या मधोमध छोटा आरसा सपाट ठेवून त्यात भिंगाचे प्रतिबिंब चित्रचौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसते का हे पाहिले की कॅमेरा कागदाला समांतर आहे की नाही ते मिनिटभरात कळते. छायाचित्र घेणाऱ्याने गडद कपडे घालावेत, कारण पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब काळ्या शाईत उतरते. फ्रेममधली काच काढूनच काम करावे. यांतले काहीही श्रीमंतांची मिरास नाही. ते शिकवले जात नाही, एवढेच.

आणि शिकवले जात नाही याचे कारण निवड समित्यांच्या मागणीत आहे. प्रवेशिकेत प्रत्येक कामासाठी एकाच प्रतिमेची जागा असेल तर विद्यार्थी एकच प्रतिमा घेईल, आणि ती सारख्या उजेडातली, समास कापलेली, उजळ केलेलीच असेल. प्रदर्शने भरवणाऱ्या आणि शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थांनी मुद्राचित्रांच्या विभागासाठी प्रत्येक कामामागे दोन छायाचित्रे मागावीत: एक समप्रकाशातले, संपूर्ण शीटचे, समास व सहीसह, दुसरे तिरप्या प्रकाशातले, जवळून घेतलेले. हा बदल पुढच्याच प्रवेशिकेपासून करता येण्यासारखा आहे.